मोबाईल घरात आलाच आहे, तर त्याला अभ्यासाला बसवूया

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी लिहून दिले आहे.)



बचत झाली, हप्ते झाले, आता मला वीस मिनिटं द्या. मागच्या सभेत एका मावशींनी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, एकदा तुम्ही म्हणता पोरांच्या हातात मोबाईल देऊ नका, आणि एकदा म्हणता मोबाईलवर अभ्यास आहे. आम्ही नेमकं काय करायचं?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. मला खरंच नीट उत्तर देता आलं नव्हतं. आज देते. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण उत्तर तिथूनच सापडलं.

मागच्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा मी आपल्या पहिली ते चौथीच्या मुलांच्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. नुकतीच एमएसडब्ल्यू करून आलेली, अंगात उत्साह फार. पहिल्याच आठवड्यात तीस-पस्तीस लिंका टाकल्या. गाणी, पाढे, गोष्टी, इंग्रजी अक्षरं, जे दिसेल ते. तुम्ही बिचाऱ्या अंगठा दाखवत होतात. उघडून कोणी बघितलं? दोघी-तिघींनी. मला वाटलं, आयांना आवड नाही. तुमचा दीड जीबीचा डेटा दुपारपर्यंत संपतो, फोन दिवसभर घरधन्याच्या खिशात असतो, आणि तीस लिंका बघून माणूस एकही उघडत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग मी दुसरी युक्ती केली. म्हटलं, मुलांचे वाचतानाचे व्हिडिओ टाका. टाकले काहींनी. त्यात तिसरीतला एक मुलगा होता, अडखळत वाचत होता. एक एक अक्षर लावत, घाम पुसत. खाली कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. मग अजून तिघींनी. वाईट मनाने नसेल टाकलं, मी कोणाला दोष देत नाही. पण त्याच रात्री त्याची आई ग्रुपमधून बाहेर पडली. पुढचे दोन महिने ती सभेलाही आली नाही, बचत शेजारणीच्या हाती पाठवायची. मी इतिवृत्तात "शेतीच्या कामामुळे गैरहजर" असं लिहीत होते.

शेवटी मी घरी गेले. ताई चुलीपुढे बसल्या होत्या. भाकरी थापत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाचता येत नाही हे गावाला माहीत आहे, त्याचं मला काही नाही. पण माझ्या पोराला येत नाही, हे मी माझ्याच हाताने गावाला दाखवलं." पोराने घरात मोठ्याने वाचणंच सोडलं होतं.

तायांनो, ही चूक मोबाईलची नव्हती, माझी होती. त्या ताईंची परवानगी घेऊन हे सांगते आहे. आज त्या सभेत बसल्या आहेत, पण कुठे ते सांगणार नाही.

आता कामाचं बोलू.

मुलांच्या मराठीच्या पुस्तकावर एक काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, बघितलाय ना? दुकानात पैसे द्यायला आपण जो स्कॅन करतो तसाच. त्याला क्यूआर कोड म्हणतात. पाठ्यपुस्तकात हा कोड घालायची कल्पना कुठल्या मोठ्या शहरातून आलेली नाही, बरं का. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ती आधी आपल्या शाळेत करून दाखवली, आणि नंतर राज्याच्या पुस्तकांत ती आली. त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातले अर्धे पैसे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकले. ते २००९ मध्ये त्या शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळा गुरांच्या गोठ्याला लागून असलेल्या पडक्या इमारतीत होती. हे मुद्दाम सांगते, कारण "आपल्या खेड्यात काय होणार" हे वाक्य मी दर सभेत ऐकते.

तर तो कोड उघडायचा कसा? फोनमध्ये 'दीक्षा' नावाचं ॲप घ्यायचं. सरकारचं आहे, फुकट आहे, २०१७ पासून चालू आहे. पहिल्यांदा उघडल्यावर भाषा मराठी निवडायची, मग विद्यार्थी, मग महाराष्ट्राचं बोर्ड, माध्यम आणि इयत्ता. हे एकदाच करायचं असतं. मग ॲपमधून तो चौकोन स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ किंवा सराव समोर येतात. पुस्तक फाटलंय, कॅमेरा खराब आहे, तर चौकोनाखाली सहा अक्षरा-अंकांचा कोड छापलेला असतो, तो टाकूनही चालतं. कधी एखाद्या कोडमागे फार काही सापडत नाही, तेव्हा नाराज होऊ नका, पुढचा बघा. आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवता येतो. ज्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, तिथल्या तायांनी पाण्याला जातानाच आठवड्याचे दोन व्हिडिओ उतरवून घ्यायचे. घरी मग नेट लागत नाही.

पुस्तक हरवलं, शेळीने खाल्लं (असं खरंच झालंय आपल्या एका गटात) तर बालभारतीच्या वेबसाईटवर पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. तीही फुकट.

माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं मात्र 'स्टोरीवीव्हर' आहे. प्रथम बुक्स या संस्थेची वेबसाईट, २०१५ पासून आहे. खूप भाषांत चित्रांच्या गोष्टी, मराठीतही भरपूर. गोष्टींना पातळ्या दिलेल्या असतात, एक ते चार. पहिल्या पातळीत एका पानावर एक-दोन ओळी. तुमचं लेकरू चौथीत असलं आणि अडखळत असलं तरी पहिल्या पातळीपासूनच सुरू करा. लाजायचं काही नाही, पाटीवर गिरवायलाही आपण अ पासूनच बसलो होतो.

आता तुमच्यातल्या निम्म्या जणी मनात म्हणत असतील, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार? हे मला नीट बोलायचं आहे. तुम्ही शिकवायचं नाहीच. तुम्ही ऐकायचं. तुम्ही भाजी निवडताय, पोर शेजारी बसून गोष्ट वाचतंय. मधे थांबलं की एवढंच विचारा, "मग काय झालं?" गोष्ट संपली की, "तू असतास तर काय केलं असतंस?" पोराला आपलं वाचणं कोणालातरी हवंय असं वाटलं की ते पुढचं पान उघडतं. आणि आज्ज्यांनो, तुमचं काम तर अजून सोपं आहे. तुम्हाला येणारी गोष्ट तुम्ही सांगा, नातवाने ती फोनमध्ये रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकत ऐकत वहीत चार ओळी लिहायच्या. कुठली लिंक नको, डेटा नको.

यूट्यूबकडे येते. तिथे चांगलं खूप आहे. भागाकार समजावणारे, आपल्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांनी केलेले साधे, छान व्हिडिओ आहेत. पण यूट्यूब म्हणजे आठवडी बाजार. पोराला पैसे देऊन एकटं बाजारात सोडलं तर ते भाजी आणेल का? भजी खाऊन येईल. म्हणून तीन गोष्टी करा. व्हिडिओच्या वरच्या बाजूला ऑटोप्लेचं बटण असतं, ते बंद करा, म्हणजे एक संपला की दुसरा आपोआप लागणार नाही. सेटिंगमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' आहे, तो चालू करा. त्याने सगळं थांबत नाही, पण बरंच गाळलं जातं. आणि व्हिडिओ तुम्ही किंवा मोठ्या ताई-दादाने आधी शोधून लावून द्यायचा, पोराने शोधत बसायचं नाही. अजून एक, घरधनी रात्री जे बघतात त्याच्याच सारखं सकाळी पोराच्या पुढे येतं. हे घरी जाऊन सांगा, माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल.

किती वेळ? बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने सांगितलंय, दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वर्षांना जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांना दोन तासांच्या आत. यात टीव्हीही आला, जेवताना लावून दिलेला मोबाईलही आला. मी तुम्हाला रोज दोन तास म्हणतच नाही. वीस मिनिटं अभ्यासाची, तुमच्या नजरेसमोर, पुरे.

याची घाई का, तेही सांगते. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे ५७ टक्के, आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. आपली लेकरं आज सात-आठ वर्षांची आहेत. फोन कशासाठी असतो हे ती आता घरात बघूनच ठरवतायत.

आणि एक कडू बोलते. घरात एकच फोन असतो, तो अभ्यासाला कोणाला मिळतो? मी पंधरा-सोळा घरांत बसले. मुलगा फोन घेऊन ओट्यावर, मुलगी भांडी घासतेय, "ती नंतर बघेल." नंतर म्हणजे चार्जिंग संपल्यावर. दोघांना एकत्र बसवा, नाहीतर वार ठरवून द्या. गटात कर्जाची पाळी आपण किती काटेकोर पाळतो! तशी फोनचीही पाळी लावता येते.

आता आपल्या ग्रुपचं. तो मी बंद केला नाही, पण नियम बदलले, आणि ते मी ठरवले नाहीत, मागच्या महिन्यात आपण बसून ठराव केला. आठवड्याला दोनच गोष्टी येतील, सोमवारी आणि गुरुवारी, त्याही मी बोलून पाठवीन, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येईल. कोणत्याही मुलाचा चेहरा, वाचन, मार्क ग्रुपवर यायचे नाहीत. सुप्रभात आणि देवाचे फोटो नाहीत (याला दोन मावश्यांचा विरोध होता, त्याची नोंद आहे). ग्रुप आयांचाच राहील. व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे खातं उघडायला किमान १३ वर्षं लागतात, तेव्हा तिसरीतल्या पोराचं वेगळं खातं काढून देऊ नका. आणि "शिष्यवृत्ती मंजूर झाली, लिंक उघडा, ओटीपी सांगा" असं काही आलं तर उघडायचं नाही. आधी शाळेत सरांना विचारायचं. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

मुलांचं वाचन ग्रुपवर टाकायचं नाही, मग रेकॉर्डिंगचं काय करायचं, असं एकीने विचारलं होतं. त्याचं उत्तर त्याच ताईंच्या घरी सापडलं. मी त्यांच्या मुलाला फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचा रेकॉर्डर दाखवला. म्हटलं, पहिल्या पातळीची गोष्ट वाच, तुझी तूच ऐक, आवडलं नाही तर पुसून टाक, कोणालाही पाठवायचं नाही. पहिल्या दिवशी त्याने चार वेळा पुसलं. मी विचारलं, मला ऐकवतोस? नाही म्हणाला, फोन छातीशी धरून. दिवाळीपर्यंत तो दुसऱ्या पातळीच्या गोष्टी वाचायला लागला होता. अजूनही अडखळतो. मला अजूनही ऐकवत नाही. आईला ऐकवतो, रोज, भाकरी होईपर्यंत.

दशसूत्रीत शिक्षण आहे म्हणून आपण दर सभेत "शिक्षणावर चर्चा झाली" असं लिहितो. पुढच्या सभेत चर्चा नको. येताना मुलांचं मराठीचं पुस्तक पिशवीत घाला आणि फोन चार्ज करून आणा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी नुसतं पुस्तक आणा, शेजारी बसलेलीचा फोन चालेल. दीक्षा ॲप तिथेच घेऊ, पंचायतीच्या कार्यालयाजवळ रेंज चांगली येते. बचत आधी, मग हे.