पोपमहोदयांना आपले घर काय देणार?

(धर्मग्रामाच्या कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



नव्या पोपमहोदयांना कुटुंबांनी साथ कशी द्यावी आणि मुलांमधले पाचारण कसे जोपासावे, असा विषय मला दिला आहे. ईशशास्त्राचा डिप्लोमा केला असला तरी माझे रोजचे काम जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर. म्हणून मी तिथून जे दिसते तेच बोलणार आहे.

८ मे २०२५ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास रोममध्ये पांढरा धूर दिसला, तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण टीव्हीसमोर होते. तासाभराने नाव कळले. पोप लिओ चौदावे. दुसऱ्या दिवशी वसईत घरोघरी मोबाईलवर त्यांचा फोटो फिरत होता. आता तो भिंतीवरही आला आहे, चांगली गोष्ट आहे. पण फोटोतला माणूस कुठून आला हेही मुलांना सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म १९५५ सालचा, शिकागोचा. ऑगस्टिनियन संघात शिरले आणि १९८५ मध्ये मिशनरी म्हणून पेरूला गेले. पुढे चिक्लायो या धर्मप्रांताचे बिशप झाले. तिथे पूर आला तेव्हा गमबूट घालून पाण्यात उतरले. कोविडमध्ये लोकांना ऑक्सिजन मिळेना, तेव्हा वर्गणी गोळा करून ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले. निवड झाल्यावर सज्जात उभे राहून ते इटालियनमध्ये बोलत होते. मध्येच थांबून त्यांनी स्पॅनिशमध्ये आपल्या चिक्लायोच्या लोकांची आठवण काढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे पहिले प्रेषितीय उद्बोधन आले, तेही गरिबांवरील प्रेमाविषयी. जव्हारला काम करणाऱ्या माणसाला असा पोप आपल्यातलाच वाटतो, त्याला काय करणार!

आता त्यांच्या घराकडे वळू. वडील शाळेत शिक्षक-मुख्याध्यापक, आई ग्रंथपाल. दोघेही धर्मग्रामाच्या कामात. त्यांचे भाऊ सांगतात, हा लहानपणी इस्त्रीच्या टेबलाची वेदी करून मिस्सा-मिस्सा खेळायचा. आपल्याकडेही मुले खेळतात, आपण हसतो आणि विसरतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कार्डिनल असताना एका मुलाखतीत त्यांनी सांगितले होते की तरुणपणी त्यांचे मन डळमळले. लग्न करावे, मुलेबाळे व्हावीत, असे वाटू लागले. ते वडिलांशी बोलले. वडील रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. आपले आणि आईचे नाते आपल्याला किती मोलाचे आहे ते सांगितले, आणि धर्मगुरूचे ख्रिस्ताशी तसेच जवळचे नाते असावे लागते, एवढे म्हणाले. बापाने मुलाशी आपल्या संसाराविषयी इतके मोकळे बोलावे, हे आपल्या किती घरांत घडते? मुलगा सेमिनरीत जातो म्हणाला की एकतर पेढे वाटले जातात, नाहीतर रडारड होते. मुलीने सिस्टर व्हायचे म्हटले तर रडारडच जास्त. मधले बोलणे होतच नाही.

आणि जो परत येतो त्याचे काय? सेमिनरीतून दोन-तीन वर्षांनी घरी आलेल्या मुलाविषयी आपल्या आळीत जे बोलले जाते, ते ऐकून दुसरी तीन मुले जायच्या आधीच मागे फिरतात. सेमिनरी परीक्षा घेण्यासाठीच असते. बोलावणे आपल्याला नाही, हे कळणे हेही तिथले शिक्षणच. परत आलेल्याला आळीने जेवायला बोलवावे आणि कारण विचारू नये. मी हे मुद्दाम सांगते, कारण व्यासपीठावरून ते कोणी सांगत नाही.

आपल्या संत गोन्सालो गार्सियाचेच बघा. वसईत जन्मलेला, येशूसंघीय फादरांजवळ शिकलेला मुलगा. त्यांच्याबरोबर जपानला गेला, त्यांच्या संघात जायची फार इच्छा, पण त्यांनी घेतले नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून गेला, धर्मगुरू म्हणून नव्हे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर प्राण दिला आणि १८६२ मध्ये संत घोषित झाला. ज्याला एका दारातून परत पाठवले, तो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. दर वर्षी सण करतो आपण त्याचा, पण ही नकाराची गोष्ट मुलांना सांगत नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. परदेशी धर्मगुरू गेले आणि इथल्याच मातीतल्या मोजक्या धर्मगुरूंनी आपल्या पूर्वजांची श्रद्धा सांभाळली. ते कुणाच्या तरी घरातून आले होते. कुठल्या तरी आईने हो म्हटले होते. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, तो त्याच पुण्याईवर. पण हा धर्मप्रांत म्हणजे आगाशी, नंदाखाल, पापडी एवढाच नाही. पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे सगळे त्यातच येतात. सणाच्या मांडवात बसून हे लक्षात राहत नाही.

तिकडचे एक उदाहरण देते. गावाचे नाव सांगत नाही. एका पाड्याजवळ सिस्टरांचा छोटा दवाखाना होता. नर्स असलेल्या एक सिस्टर रोज पाड्यांवर फिरायच्या, गरोदर बायांची नोंद ठेवायच्या, रात्री साप चावला तरी लोक आधी त्यांचेच दार ठोठवायचे. त्या थकल्या, संघाने त्यांना मठात परत बोलावले. त्यांच्या जागी पाठवायला संघाकडे कोणी नव्हते. इमारत आहे, कपाट आहे, वजनकाटा आहे. देणगीदारांनी दिलेले फ्रीजही आहे. एका कातकरी बाईने मला विचारले, ‘तुमच्यात आता सिस्टर होत नाहीत का?’ मी काय सांगणार होते? याच जव्हार तालुक्यात १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीला कुपोषणाने बालके गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. आजही तिथे वजनकाट्यापेक्षा तो धरणारा माणूस दुर्मीळ आहे.

म्हणून पोपमहोदयांना साथ म्हणजे काय, याचे माझे उत्तर सरळ आहे: त्यांना माणसे हवी आहेत. निवडीनंतरच्या पहिल्याच रविवारी, ११ मे २०२५ रोजी, पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस होता. तेव्हा चौकात जमलेल्या तरुणांना त्यांनी सांगितले की घाबरू नका, बोलावणे स्वीकारा. तरुण एकट्याने नाही स्वीकारत. घर स्वीकारते.

पैशाचे बोलायचे तर जूनमधली पीटर्स पेन्सची वर्गणी आणि ऑक्टोबरचा मिशन रविवार चुकवू नका. ही पद्धत श्रीमंतांनी सुरू केलेली नाही. फ्रान्समधल्या लियों शहरात पोलिन जारिको नावाच्या तरुणीने रेशीम कामगार बायांकडून आठवड्याला एकेक पैसा जमवला आणि १८२२ मध्ये त्यातून श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली. दहा-दहा जणांचे गट केले होते. आपल्या बचत गटांसारखेच की!

घरात काय करता येईल? रात्रीच्या जपमाळेत पोपमहोदयांच्या हेतूसाठी एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मरिया’ म्हणायची जुनी रीत बऱ्याच घरांत सुटली आहे, ती पुन्हा धरा. पोप काय म्हणाले ते व्हॉट्सॲपवरून घेऊ नका. त्यांच्या तोंडी भलतेच घातलेले खोटे व्हिडिओ फार फिरतात. आणि जेवताना फादरांची उणीदुणी काढणे थोडे कमी करा. तक्रार असेल तर ती फादरांना भेटून करा. रोज ताटावर फादरांना नावे ठेवणाऱ्या घरातला मुलगा फादर कसा होईल?

आता एक अवघड गोष्ट. आपल्या वाड्यांमध्ये केळी, फुले, भाजीच्या कामाला वारली कुटुंबे येतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याची माणसे मुलांसकट उतरतात आणि मुलांची शाळा सुटते. आपली मुले हे बघतात. वाडीतल्या वारली बाईला चहा कुठल्या कपात दिला जातो, मजुरी किती आणि कधी दिली जाते, तिच्या मुलाला हाक कशी मारली जाते, हे सगळे त्यांना दिसते. ज्या मुलाने हे नीट झालेले पाहिले, त्याला मिशनची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. आणि उद्या एखाद्या वारली घरातला तरुण आपल्या धर्मग्रामात फादर म्हणून आला, तर त्याच्या पहिल्या मिस्सेला आपण तितक्याच हौसेने हार नेणार का? पाचारण पाड्यावरही येते. ते जोपासायची जबाबदारीही आपल्याच धर्मप्रांताची आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत नववीच्या पुढच्या मुलामुलींसाठी पाड्यावर आठ दिवसांचे शिबिर आहे. तिथे पाचारणाचे वर्ग वगैरे नाहीत. पाणी भरायचे, लहान मुलांना शिकवायचे, संध्याकाळी लोकांबरोबर बसायचे. आईबाबांनीही दोन दिवस यावे, अशी विनंती आहे. नावे आज मिस्सेनंतर दाराजवळच्या टेबलावर द्या. चादर, पाण्याची बाटली आणि टॉर्च बरोबर घ्या. मोबाईलला तिथे रेंज नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.