साठीनंतर मांजर पाळताना



बोलायला विषय कोणता घेताय, असं मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, "मांजर." पलीकडे थोडा वेळ शांतता. निवृत्त कर्नलकडून लोकांना सीमेवरच्या गोष्टी हव्या असतात. त्या सांगणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगल्या सांगतात. साठी उलटल्यावर घरात मांजर ठेवण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. म्हणून आज तेच.

नोकरीत असताना आमच्याकडे कुत्री होती, मांजर कधीच नव्हतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली. कुत्रा माणसाला धरून असतो, ट्रंका बांधायला लागलं की आधी गाडीत जाऊन बसतो. मांजर जागेला धरून असतं. त्याला बबीन्याहून उचलून तेजपूरला नेणं म्हणजे त्याचं सगळं राज्यच काढून घेणं. त्यामुळे मांजर आलं ते निवृत्तीनंतर, महूला घर केल्यावर. पहिल्याच पावसाळ्यात एक पिवळं पिल्लू पोर्चमध्ये येऊन बसलं ते गेलंच नाही. आमच्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांसारख्या मिशा, म्हणून नाव सुभेदार. पाच वर्षांनी तिरंगी ठकी आली. पांढरा, काळा, पिवळा, तिन्ही रंग एकाच मांजरात दिसले की ती जवळजवळ नेहमी भाटीच असते, कारण पिवळा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच.

माझी तीस-एक वर्षं हुकूम घेण्यात आणि देण्यात गेली. सुभेदाराने पहिल्या आठवड्यात माझी जागा दाखवली. मी हाक मारायची, त्याने एक कान वळवायचा, बस्स. मला वाटायचं याला नाव कळत नाही. पण २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की पाळीव मांजरं आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. म्हणजे त्याला कळतं. यायचं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तो त्याच्या अखत्यारीतला.

त्यांची भाषा शिकायची तर आपणच शिकायची. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याँव करत नाहीत, ते बोलणं बहुतेक माणसांसाठीच राखलेलं असतं. ठकीची तीन वेगवेगळी म्याँव आहेत: दार उघडा, दार बंद का केलंत, आणि ताट रिकामं आहे. डोळ्यांचंही तसंच. तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटले तर ती ओळख दिली असं समजा. तुम्हीही तसंच मिटा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं, तर हळू डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाकडेही मांजरं जास्त जाऊ लागली. आमच्या गल्लीत मी हे करत बसतो. शेजाऱ्यांनी आता विचारायचं सोडून दिलंय.

आणखी एक गंमत. आपल्याकडे पडीक जागेत खोकली नावाचं तण उगवतं. माळ्याने ते मुळासकट उपटलं आणि सुभेदार त्या मुळांवर लोळायला लागला, अगदी मेसमधल्या पार्टीनंतर दिसतो तसा. त्या मुळांचं मांजरांना वेडच असतं. तेव्हापासून एक कुंडी त्याच्या नावाची.

शौर्याचं म्हणाल, तर मांजर त्यातही मागे नाही. ब्रिटिश युद्धनौका 'ॲमेथिस्ट'वर सायमन नावाचा बोका होता. १९४९ मध्ये यांगत्से नदीत जहाजावर तोफा डागल्या गेल्या, हा जखमी झाला, आणि बरा होताच उंदीर मारून शिधा वाचवत राहिला. त्याला डिकिन पदक मिळालं. ते मिळालेलं ते आजवरचं एकमेव मांजर. नौदलाचं आहे, पण कौतुक करायला हरकत नाही.

आता स्वयंपाकघर. आमचं घर शाकाहारी. सौभाग्यवतींचं म्हणणं होतं, दूधभात खाईल की. मांजराचं आणि दुधाचं नातं आपल्या म्हणीत पक्कं बसलंय, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. गोड चव तर त्यांना कळतच नाही. आणि टॉरिन नावाचा जो घटक मांसातून मिळतो, तो नसला तर दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होतं. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आमच्या घरात एक वेगळं पातेलं आलं, वेगळा चमचा आला. ती स्वतः उकडते, नाकाला पदर लावून. "अहो, देवाने यांना असंच केलंय, त्याला मी काय करू," म्हणते. दोन गोष्टी लिहूनच ठेवा. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि फुलदाणीतल्या लिलीचे परागसुद्धा त्याच्या किडन्या निकामी करतात.

ज्यासाठी आज बोलायला आलो ते आता. मांजर दुखणं लपवतं. स्वतः शिकार करणारा आणि दुसऱ्या कुणाची शिकार होऊ शकणारा हा लहान प्राणी, अशक्तपणा दाखवणं त्याला परवडत नाही. कुत्रा कण्हतो, लंगडतो, तुमच्याकडे येतो. मांजर पलंगाखाली जाऊन गप्प बसतं. म्हणून त्याच्याबरोबर राहणं म्हणजे रोजचा पहारा. किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, वाळूच्या ट्रेमध्ये किती वेळा गेलं. बोका वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाही, तर ती रात्र थांबायची नाही. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दिवसा-दोन दिवसांत जातो.

सुभेदाराचं आमच्या सौभाग्यवतींनी पकडलं. "पाण्याचं भांडं हल्ली दोनदा भरावं लागतं," एवढंच म्हणाली. घरच्या मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले, मुळात पाणी कमी पिणारे. ते जास्त प्यायला लागलं की काहीतरी बिघडलंय. तपासलं, तर क्रिएटिनिन वाढलेलं. किडनीचं काम बरंचसं गेल्यावरच हा आकडा वर जातो. चार किलो दोनशेचा बोका तीन किलो सहाशेवर आला होता. तो तेरा वर्षांचा आहे. हे बरं होत नाही, सांभाळता येतं. आता आठवड्यातून तीनदा त्याच्या मानेमागच्या कातड्याखाली मी सलाइन देतो. पाठीवर उंटासारखं मदार येतं, काही तासांत ओसरतं. पहिल्यांदा सुई धरली तेव्हा माझा हात थरथरला. त्याचा जीव त्या मानाने शांत होता.

त्याच सुमारास बंगळुरूहून मुलीचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "बाबा, राग मानू नका. तुमच्यानंतर यांचं काय?"

मला राग आला नाही, कारण हिशोब बरोबर होता. घरात नीट ठेवलेलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. मी सदुसष्टचा. ठकी आठ वर्षांची. आज पिल्लू आणलं तर ते म्हातारं होईल तेव्हा मी ब्याऐंशीचा. माझ्या वयाचे कितीतरी लोक एकटे राहतात, मुलं परदेशात, आणि घरातलं मांजर हेच दिवसभरातलं बोलणं. त्यांना मी 'पाळू नका' म्हणणार नाही. उलट म्हणेन, पाळा; पण पिल्लू नको, मोठं मांजर घ्या. पाच-सहा वर्षांची मांजरं कुणी नेत नाही. स्वभाव आधीच कळलेला असतो, पडदे फाडायचं वय गेलेलं असतं, आणि हिशोबही बसतो.

आणि मागची व्यवस्था करा. आपल्या कायद्यात मांजराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही. ते ज्याच्याकडे जाणार त्या माणसाच्या नावे पैसे ठेवता येतात. त्याला आधी विचारा मात्र. 'कुणीतरी बघेल' यावर सोडलेलं मांजर शेवटी रस्त्यावरच जातं, हे मी या वसाहतीत दोनदा पाहिलंय.

फौजेत चार्ज सोडताना हँडिंग-टेकिंगची नोंद लिहून द्यावी लागते. मीही लिहिली, एक पान. एक प्रत मुलीकडे, एक समोरच्या बंगल्यातल्या बाईंकडे. ठकी त्यांच्याकडे जायचं ठरलंय, आणि ठकीला ते आधीपासूनच मान्य आहे, दुपारची ती तिथेच असते. डॉक्टरांचा नंबर आहे, लशींच्या तारखा आहेत. सलाइनचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन दिवस जेवला नाही तर वाट बघायची नाही, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते. ठकीला उचलायचं नाही, ती स्वतः मांडीवर येते, साधारण रात्री नऊच्या बातम्यांना.

सुभेदारापुढे नाव, वय, वजन, औषध लिहिलं. सौभाग्यवतींनी पान वाचलं आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली: 'हाकेला येत नाही. डबा वाजवावा.'