मोरीचे पाणी जाते कुठे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



विषय ऐकून काहींनी नाक मुरडले असेल. गणपतीच्या मांडवात सांडपाण्याचे काय काम? पण टाऊनशिपमध्ये आपल्याला भूमिगत गटारांची सवय झाली आहे. मोरीत ओतले की पाणी दिसेनासे होते. सुट्टीत विदर्भात, मराठवाड्यात गावी गेलो की तेच पाणी दारासमोर भेटते.

मी शास्त्रज्ञ नाही, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. पण रुळाखालच्या पाण्याचा निचरा झाला नाही तर रूळ बसतो, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. गावाचेही तसेच आहे.

थोडा हिशेब करू. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. हजार वस्तीच्या गावात ५५ हजार लिटर. त्यातले साधारण ८० टक्के, म्हणजे ४४ हजार लिटर, वापरून बाहेर पडते. पूर्वी डोक्यावर हंडा आणावा लागे, तेव्हा सांडपाणीही बेताचे होते. नळ आला, पण पाणी जायची वाट कोणी केली नाही. उन्हाळ्यात टँकर आणि गल्लीत चिखल, असे चित्र त्यामुळे दिसते.

साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. हत्तीरोग पसरवणारा तोच. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे हत्तीरोगाचे म्हणूनच ओळखले गेले.

उपाय मात्र आपल्याच मुलखात सापडला. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले आणि उघडी गटारे बंद केली. डास हटले. पुढे २०१५ च्या सुमारास जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून हे काम जिल्हाभर नेले. लोक त्याला 'मॅजिक पिट' किंवा 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले.

त्यात जादू काहीच नाही. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोके. टाकीभोवती दगडगोटे. मोरीचे पाणी आधी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी भोकांतून दगडांत जाऊन जिरते. साधा शोषखड्डा गाळाने तुंबतो. इथे झाकण उघडून गाळ काढता येतो. पाच माणसांच्या घराचे दीड-पावणेदोनशे लिटर पाणी त्यात रोज मुरू शकते.

पण तीन पथ्ये आहेत. शौचालयाचे पाणी त्यात कधीही सोडू नये. त्यासाठी दोन खड्ड्यांचे शौचालय वेगळे. विहीर, बोअर जवळ असेल तर खड्डा नको. आणि मुरमात पाणी लवकर जिरते, चिकट काळ्या मातीत जिरत नाही.

काळ्या मातीच्या गावाने काय करावे? आपल्या आजीने मोरीच्या पाण्यावर केळ, अळू, कर्दळ लावली होती, ते आठवा. नागपूरच्या 'नीरी' संस्थेची फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर आहे. खडीने भरलेल्या हौदातून पाणी हळूहळू जाते. कर्दळ, पाणकणीस यांची मुळे आणि त्यांवरचे जिवाणू घाण खातात. विजेची गरज फारशी नाही. ते पाणी झाडांना, बागेला चालते. कोरडवाहू गावात ही लहान गोष्ट नव्हे.

पैशाची अडचण सांगतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद होती. खरी अडचण पुढची आहे. उद्घाटनाला सगळे असतात, गाळ काढायला कोणी नसते. रेल्वेत इंजिन कितीही नवे असो, ठरल्या तारखेला शेडमध्ये आणावेच लागते. खड्ड्यालाही तसेच वेळापत्रक हवे आणि ते पाळणारे नाव हवे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात होतो. शोषखड्डा केला तरी आठवड्यातून एकदा टाक्या-माठ कोरडे करावेच लागतात.

दसरा-दिवाळीला गावी जाल तेव्हा तेथील मंडळींना तीन प्रश्न विचारा. माती कोणती? विहीर किती दूर? गाळ कोण काढणार? तिसऱ्याचे उत्तर मिळाले, तरच पहिला खड्डा आपल्या घरापासून सुरू करा. गाव सोडून आपण इथे स्थायिक झालो. निदान एवढे देणे तरी फेडू.

गणपती बाप्पा मोरया!