दसऱ्याचें तोरण आणि ताटाची डावी बाजू

शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दसरा येतो तो बाजारांतून. झेंडू विकत, आपटा विकत, श्रीखंडहि विकत. मग घरचें म्हणावें असें उरतें काय? दारावरचें तोरण आणि ताटाची डावी बाजू.

कोंकणांत आश्विनांत दाराला 'नवें' बांधतात : भाताची लोंबी, आंब्याचें पान, झेंडूचें फूल. ज्याचें शेत सुटलें त्याला लोंबी कोठून मिळणार? पण म्हणून तोरण प्लास्टिकचेंच असावें असें नाहीं. झेंडू तरी इथला कोठें आहे! तो मूळचा अमेरिकेंतला. तांबडा भोपळाहि तिकडलाच. दोघांनाहि मराठी घरानें सणाचा मान दिला. तेव्हां सुनेनें कुंडींतलीं चार पानें तोरणांत ओवलीं, तर सासूबाईंनीं कपाळाला आठी घालूं नये.

भोपळ्याचें भरीत मात्र घरींच व्हावें. फोडी पाणी न घालतां वाफवाव्या, हातानें जाडसर मोडाव्या आणि पुरत्या निवल्यावरच दहीं घालावें; ऊन फोडींत तें फुटतें. वरून तुपांत मोहरी, हिंग व हिरव्या मिरचीची फोडणी. श्रीखंडानें जड झालेली जीभ याच्या एका बोटानें हलकी होते. तिळकूट व चिंचगुळाचें पंचामृत आदल्या दिवशींच करावें. तें मुरल्यावर अधिक रुचतें.