गणिताची निश्चिती आणि भूमीची निश्चिती



जंबूद्वीपाचा व्यास एक लक्ष योजने आणि परिघ ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्य व साडेतेरा अंगुळांहून किंचित अधिक, हे मान स्वाध्यायाला बसणाऱ्या अनेकांना मुखोद्गत असते. हा परिघ सांगणारे आचार्य तो दोरीने मोजावयास गेले नव्हते. व्यासाचा वर्ग करावा, त्यास दहाने गुणावे आणि वर्गमूळ काढावे, हा त्यांचा नियम. आज यंत्रावर तेच वर्गमूळ काढले तर उत्तर धनुष्यापर्यंत तंतोतंत जुळते. फरक पडतो तो एका अंगुळाहूनही कमी. कागद-लेखणीही दुर्मिळ असलेल्या काळातील हे कर्तृत्व थक्क करणारे आहे.

परंतु हिशेब बिनचूक असणे वेगळे आणि ज्या गृहीतावर तो उभा आहे ते खरे असणे वेगळे. परिघ व व्यास यांचे गुणोत्तर दहाचे वर्गमूळच आहे काय? नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी ‘गणितसारसंग्रह’ रचणाऱ्या महावीराचार्यांनी ३ हे स्थूल आणि दहाचे वर्गमूळ हे सूक्ष्म मान दिले आहे. (हा ग्रंथ १९६३ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरातूनच, जीवराज जैन ग्रंथमालेत, हिंदी अनुवादासह निघाला.) तीस सेंटिमीटर व्यासाच्या ताटाला दोरा गुंडाळून पाहिले, तर दहाच्या वर्गमूळाप्रमाणे ९४.९ आणि प्रत्यक्षात सुमारे ९४.२ सेंटिमीटर भरावयास हवे. दोरा थोडा ताणला गेला, ताटाची कड थोडी चेपलेली असली, की संशय राहिलाच. शंभर ताटे मोजली तरी तो समूळ जात नाही.

ग्रीक गणिती आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एकही ताट न मोजता हा प्रश्न सोडविला. वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणारी ९६ भुजांची आकृती कल्पून, हे गुणोत्तर बावीस सप्तमांशांहून कमीच असले पाहिजे, हे त्याने सिद्ध केले. बावीस सप्तमांश ३.१५ हून लहान आहे. उलट ३.१६ चा वर्ग ९.९८५६, म्हणजे दहाहून कमी. अर्थात दहाचे वर्गमूळ ३.१६ हून मोठे. दोन्ही मूल्ये एक असूच शकत नाहीत. येथे वाद संपतो, आणि तो कायमचा संपतो. खऱ्या गुणोत्तराने एक लक्ष योजने व्यासाचा परिघ सुमारे ३,१४,१५९ योजने येतो, म्हणजे दोन हजारांहून अधिक योजनांनी कमी.

गणितज्ञ चुकत नाहीत असे मात्र नव्हे. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असे महावीराचार्यांनी लिहिले आहे. पण पाचाला शून्याने भागून पाचच येत असतील, तर पाच गुणिले शून्य पाच यावयास हवेत; ते येत नाहीत. चूक उघडी पाडावयास नवा पुरावा लागला नाही, विचारच पुरला. मात्र या निश्चितीची किंमत मोजावी लागते. आर्किमिडीजचा सिद्धांत सपाट पृष्ठावरील निर्दोष वर्तुळाचा आहे. जगातील एखादी वस्तू तशी आहे किंवा नाही, याविषयी तो मौन पाळतो.

ते सांगण्याचे काम निरीक्षणाचे, आणि निरीक्षणाची निश्चिती कशी असते ते या भागाला वेगळे सांगावयास नको. येडशीच्या रामलिंगाच्या दरीत दिसतो तो काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दख्खनचे हे पठार स्थिर, ही शास्त्रज्ञांची धारणा दीर्घ अनुभवावर आधारलेली होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. त्याचे कारण धरणाच्या पाण्यात शोधण्यात आले. १९९२ च्या अखेरीस किल्लारीला धक्के जाणवले. तरीही भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ती धारणा कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली.

तर्कात कोठे दोष होता काय? तसा नव्हता. हजार वेळा जे घडले नाही ते पुढेही घडणार नाही, असे अनुमान निसर्गावर बंधनकारक नसते, इतकेच. पुढे किल्लारीला वेधविहीर खोदण्यात आली, तेव्हा सुमारे ३३८ मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली अतिप्राचीन खडक लागला. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

यावर स्याद्वादाचा हवाला देऊन ‘सारेच ज्ञान सापेक्ष’ असे म्हणण्याचा मोह काही वक्त्यांना होतो. तो स्याद्वादावर अन्याय आहे. विधान कोणत्या अपेक्षेने केले ते स्पष्ट सांगा, असे तो बजावतो. आर्किमिडीजच्या विधानाची अपेक्षा व्याख्येतच बांधलेली आहे. नकाशाच्या विधानाची अपेक्षा ‘आजवरच्या नोंदींवरून’ अशी असते, आणि ती नकाशावर कोणी छापत नाही. पुनर्वसनातील घरांच्या भिंतींतून काँक्रीटचे आडवे पट्टे फिरविण्यात आले, ते पुढचा धक्का केव्हा बसेल हे कोणालाही ठाऊक नसताना.