चित्राचा दर्जा : यंत्राचे माप आणि डोळ्याचे माप



रायपूरच्या बूढापाऱ्याला लागून बूढा तलाव आहे. त्याच्या एकाच छायाचित्राच्या दोन प्रती बिघडवल्या, अशी कल्पना करावी. एकीत सर्वत्र किंचित उजेड वाढवला. दुसरीत पाण्यावर चौकोनी ठिगळे उमटू दिली. मूळ चित्राशी बिंदूगणिक ताडून पाहणाऱ्या यंत्राचा आकडा दोहोंसाठी सारखाच येईल, असे प्रमाण राखता येते. पाहणारा मात्र पहिली प्रत स्वीकारतो, दुसरी नाकारतो. तेव्हा चित्राचा दर्जा अखेर माणसालाच विचारावा लागतो.

या विचारण्याचेही एक शास्त्र आहे. फेख्नर या जर्मन विद्वानाने १८६० मध्ये संवेदनांच्या मापनाचा पाया घातला. दूरचित्रवाणीच्या चित्रासाठी १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस झाली. पुढे तीत वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. तिच्या प्रचलित रीतीनुसार दृष्टी आणि रंगज्ञान तपासलेले निदान १५ प्रेक्षक निवडतात. ते या विषयातील तज्ज्ञ असावेत की नसावेत, हे चाचणीच्या हेतूवर ठरते. खोलीतील उजेड आणि पडद्यापासूनचे अंतर ठरलेले असते. प्रत्येकाने उत्कृष्ट, चांगले, बरे, निकृष्ट, वाईट यांपैकी एक श्रेणी द्यावयाची. तिला ५ पासून १ पर्यंत गुण देऊन सरासरी काढावयाची.

तथापि, ही सरासरी फसवीही ठरते. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ गुण दिला, तर उत्तर ३, म्हणजे ‘बरे’, येते. आणि तसे तर कोणीच म्हटलेले नसते! म्हणून मतांची पांगापांगही सांगणे अगत्याचे आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला रायपूर परिसर त्यांत होता. गावात संच सामूहिक. कोणी पुढे बसे, कोणी दूर, कोणी कडेला. प्रयोगशाळेत ‘उत्कृष्ट’ ठरलेले चित्र शेवटच्या रांगेतही तसेच दिसेल, असे कसे मानावे? शिवाय ज्याने पूर्वी असे चित्र पाहिलेच नाही, त्याने तुलना कशाशी करावी? यासाठीच काही चाचण्यांत मूळ आणि बिघडलेले चित्र जोडीने दाखवतात.

२००४ नंतर चित्राची रचना ताडणारी गणिती मापे प्रचारात आली. त्यांचा खरेपणाही माणसांनी दिलेल्या गुणांशी ताडूनच ठरतो. म्हणून माप कितीही सूक्ष्म असो, कोणाच्या डोळ्यांना विचारले आणि तो डोळा कोठे बसला होता, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत.