समुद्रकाठी आठ दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत मी पुष्कळ बोलते, पण हातात कागद घेऊन उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "मागच्या माघात तुम्ही वेंगुर्ल्याला जाऊन आलात, त्याविषयी सांगा. समुद्रावर जाऊन आठ दिवस करायचे तरी काय, असे सगळ्याजणी विचारतात." म्हणून मी जे पाहिले तेही सांगते आणि जे चुकले तेही सांगते.

आम्ही निघालो तेव्हा गल्लीत बोलणे झाले. "कापसाला भाव नाही, आणि ही निघाली समुद्र पाहायला!" ते माझ्या कानावर आले. बोलणाऱ्यांचे सगळेच खोटे होते असे मी म्हणत नाही. आपल्या दारव्ह्याच्या बाजूला कोणाच्या घरी पैसा उतू चालला आहे? पण माझ्या मनात एक गोष्ट सलत होती. माझ्या आईला समुद्र पाहायचा होता. दरवर्षी कापूस विकला की ती विचारी, "यंदा जाऊ का गं?" आणि दरवर्षी काहीतरी निघे. कधी बियाण्याचे देणे, कधी भावाचे शिक्षण, कधी कोणाचे लग्न. "पुढच्या साली जाऊ," असे म्हणता म्हणता तीन वर्षांपूर्वी श्रावणात ती गेली. तेव्हाच मी ठरवले की सासूबाईंच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही. त्यांना शहात्तरावे लागले होते.

पैसा भिशीचा होता. मी, जाऊबाई आणि सासूबाई अशा तिघींचा जाण्यायेण्याचा, राहण्याचा व जेवणाचा खर्च साडेबावीस हजार रुपये झाला, म्हणजे दर माणशी साडेसात हजार. आपली शकुंतला गाडी आता चालत नाही, म्हणून बडनेऱ्यापर्यंत एस.टी.ने गेलो. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. तेव्हा सासूबाई फुकट आल्या, आणि ही गोष्ट त्यांनी वाटेत चार जणींना सांगितली! बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ, आणि कुडाळहून पुन्हा एस.टी.ने वेंगुर्ले. घरी भाकरी कोण थापील हा मोठा प्रश्न होता. यांनी आणि मुलाने मिळून खिचडी व पिठले शिकून घेतले. आठ दिवसांत कोणी उपाशी राहिले नाही, हे आपल्या सर्वांच्या माहितीसाठी सांगते.

वेंगुर्ले हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. जुने बंदर, टेकडीवर दीपगृह, सतराव्या शतकात डच लोकांनी व्यापारासाठी बांधलेल्या वखारीचे पडके अवशेष, आणि सगळीकडे माड, आंबा व काजू. गाव शांत आहे. आम्ही एका घरगुती ठिकाणी खोली घेतली. पोहोचलो तो माघ शुद्ध अष्टमीचा दिवस, संध्याकाळचे सहा वाजत होते. समुद्राला भरती होती. पाणी वाळू भरून अगदी वरपर्यंत आले होते. सासूबाई काठी टेकीत पुढे गेल्या, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले आणि तोंड वाकडे करून म्हणाल्या, "एवढं पानी, अन् कपाशीच्या कामाचा एक थेंब नाई!"

आम्ही हसलो. रात्री मात्र मला वाटले, कामाचा नाही कसा? याच पाण्याची वाफ होऊन ढग होतात आणि मृगात वाऱ्याबरोबर आपल्याकडे येतात. आपल्या अडाण नदीचे पाणी पैनगंगेत जाते, पैनगंगेचे वर्धेत, पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून ते पूर्वेच्या समुद्राला मिळते. आपल्या गावाला समुद्र नाही, पण समुद्राशी नाते आहे.

आता माझी चूक सांगते. मी घरून स्टोव्ह, पीठ, डाळ, तिखट, मीठ असे सगळे बांधून नेले होते. खोलीवर पहाटे उठून स्वयंपाक, मग भांडी, मग धुणे. पाहायच्या ठिकाणांची एक यादी केली होती. ती घेऊन रिक्षाने इकडून तिकडे. दोन दिवसांत किती देवळे झाली ते आठवत नाही. सासूबाईंचे पाय सुजले. जाऊबाई रुसल्या. मीही त्यांच्यावर चिडून बोलले, त्याचे अजून वाईट वाटते. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. मी म्हटले, "आई, चला, रिक्षा आली." त्या खाटेवरून उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "मी समुद्र पाहाले आली व माय. देऊळं काय आपल्या गावात नाईत? तू घरी बी पळतं अन् इथं बी पळतं. बस जराशी."

भगिनींनो, त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. मी पाचशे कोसांवर येऊन तेथेही आपले घरच मांडले होते. आपल्याला बसायला कोणी शिकवलेच नाही. रिकामी बसलेली बाई दिसली की आपणच तिला नावे ठेवतो. त्या दिवशी मी रिक्षा परत पाठवली, स्टोव्ह पिशवीत बांधला आणि घरवाल्या बाईंना म्हटले, "आजपासून आमचे जेवण तुमच्याकडे." तिघींच्या जेवणाला पैसे पडले खरे, पण सुटी त्याच दिवशी सुरू झाली.

मग पुढचे दिवस काय केले ते क्रमाने सांगते.

सकाळी चहा घेऊन लवकर किनाऱ्यावर जावे. ओल्या वाळूवरून अनवाणी चालावे. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि म्हाताऱ्या माणसांना दम लागतो. होड्या येतात त्या पाहाव्या. एके दिवशी रापण ओढताना पाहिली. होडीने समुद्रात लांबच लांब जाळे सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. ओढणाऱ्यांत मासळीची वाटणी होते. आपल्याकडे सवंगणीला जसे सगळे वावरात उतरतात, तसेच ते दिसते.

भरती-ओहोटीचा हिशोब शिकून घ्यावा. मासे विकणाऱ्या एका बाईंनी तो मला सांगितला. त्या दिवशीची जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, तितक्या वाजता साधारण भरती पूर्ण होते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा नेमके सहाच वाजले होते! भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणून संध्याकाळी पाचसव्वापाचला वाळू मोकळी. एवढे गणित आपण रोज दुधाच्या हिशोबात करतो. हे कळले की फिरायला केव्हा जावे ते कोणाला विचारावे लागत नाही.

तिथले जेवण जेवावे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, कधी घावन आणि चटणी. दुपारी भात आणि सोलकढी. काजूच्या ओल्या गरांची उसळ मी पहिल्यांदाच खाल्ली. वेंगुर्ल्याला कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती तिथेच तयार झाल्या. जाऊबाईंनी बांगडा आणि सुरमई सोडली नाही. सासूबाई माळकरी, त्यांना पेज इतकी मानवली की त्या घरी आल्यावरही मागतात.

मांडवीच्या खाडीत होडीने जावे. ही गोष्ट आपल्या मंडळाने मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे. त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर डोकावतात, आणि त्या मुळांच्या आसऱ्याने मासळीची व खेकड्यांची पिले वाढतात. आमची होडी एक बाई वल्हवीत होत्या आणि दुसऱ्या झाडांची नावे सांगत होत्या. सासूबाईंनी वल्हवणाऱ्या बाईंचा हात हातात घेऊन पाहिला. तळहाताला घट्टे होते. सासूबाईंनी आपला हात त्याशेजारी धरला; निंदण आणि वेचणी करून पडलेले घट्टे त्यांनाही होतेच. दोघी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

आठ दिवसांत लांबची सहल एकच करावी. आम्ही शिरोड्याला गेलो. वाटेत आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. त्या देवाला केळीचा घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते. तिथे मिठागरे आहेत. खारे पाणी उथळ वाफ्यांत घेतात, उन्हाने ते आटते आणि खाली मीठ उरते. याच शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. ते ऐकून मला आपल्या जिल्ह्याची आठवण झाली. आपल्याकडे मीठ करायला समुद्र नव्हता, म्हणून त्याच वर्षी १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला सरकारी जंगलातले गवत कापून कायदा मोडला. तिथे मीठ, इथे गवत. मी हे सांगितले तेव्हा तिथल्या एका आजोबांनी आम्हाला मूठभर मीठ कागदात बांधून दिले.

दुपारी झोपावे. होय, झोपावे. पहिल्या दिवशी मला चोरी केल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी वाटले नाही.

आणि संध्याकाळी नुसते बसावे. काही विणायचे नाही, काही निवडायचे नाही. सूर्य पाण्यात उतरेपर्यंत बसावे. पौर्णिमेला आम्ही बसलो होतो तेव्हा समोर सूर्य समुद्रात जात होता आणि पाठीमागे माडांतून चंद्र वर येत होता. ओहोटीने पाणी फार लांब गेले होते. सासूबाईंनी विचारले, "काऊन व, समुद्र कुठी गेला?" मी म्हटले, "येतो आई परत, रात्री सवाअकराला." इतक्या खात्रीने मी सासूबाईंना उभ्या जन्मात काही सांगितले नव्हते!

काही गोष्टी जपाव्या. पोहता येत नसेल तर घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. लुगड्याचा घोळ भिजला की जड होतो आणि तोल जातो. तिथल्या कोळ्यांनी 'इथे नको' म्हटले तर वाद घालू नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. तेव्हा थंडीचे दिवस बरे. संक्रांतीची हळदीकुंकवे आटोपली की निघावे. उन्हाची टोपी, नेहमीची औषधे आणि एक जुनी चादर बरोबर असावी. स्टोव्ह नेऊ नये.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवते. आपण दरवर्षी वर्गणी काढून पातेली आणि सतरंज्या घेतो. आता पातेली पुष्कळ झाली. ज्यांना जमेल त्यांनी महिन्याला सव्वासहाशे रुपये वेगळे टाकावे. वर्षाचे साडेसात हजार होतात. ज्यांना तेवढे जमणार नाही त्यांनी शंभरच टाकावे, आणि आपण त्यांच्यासोबत एक दिवस अडाणच्या काठी डबा घेऊन जाऊ. पण डबा त्या दिवशी घरच्या पुरुषांनी करून द्यावा, ही अट. आणि पहिला नंबर ज्यांचे वय झाले आहे त्यांचा असावा, कारण 'पुढच्या साली' हा शब्द त्यांच्यासाठी बरा नाही.

माझ्या सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. समुद्रावर काय केले म्हणून तुम्ही त्यांना विचाराल तर त्या एकच उत्तर देतात, "बसलो." मला वाटते, माझ्या एवढ्या लांब भाषणापेक्षा त्यांचे उत्तर अधिक खरे आहे. शिरोड्याचे ते मीठ मी आज आणले आहे. कार्यक्रमानंतरच्या चिवड्यात ते घातले आहे, तेव्हा समुद्राची चव घेतल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.